चार बोटं कमी

सतरा दिवसांनी हॅल्व्हर्सन आले.
दारातच बूट झटकले, आत काही आले नाहीत.
हातात बियाण्याची रिकामी पिशवी,
पिशवीत आमचं रॉकेट.
"मक्याच्या तासात होतं. यंत्राखाली जाता जाता वाचलं."
आणि मग, टोपी मागे सारत,
"आत भाडेकरू होता हं."

उंदरीण असावी.
पॅराशूट जळू नये म्हणून मी कोंबलेला कागद
तिने कुरतडून कुरतडून कापसासारखा केलेला.
इलॅस्टिक खाल्लेलं. एक पंख निखळलेला.
तोंडाकडची नळी ओल धरून फुगलेली,
चहात जास्त वेळ राहिलेल्या खारीसारखी.

ऋजुता जिन्यावरूनच म्हणाली, "टाकून दे."
मूळ बांधणी तिची आणि तिच्या बाबांची.
बाबा आता फिनिक्सला असतात.
ते या कवितेत नाहीत.

रात्री दहानंतर मी स्वयंपाकघराचा ओटा पुसला
आणि पेपर पसरला.
नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, कडेला कड जुळवून;
पट्टीच्या काठाने पेन्सिल फिरवली की रेघ चुकत नाही.
नवं पातं लावून हलक्या हाताने कापलं,
एकदम नाही, फिरवत फिरवत, सात-आठ फेऱ्यांत.
फुगलेला भाग गेला.
रॉकेट चार बोटं कमी झालं.

पंखासाठी सरळ रेघ हवी, तर दाराची चौकट आहेच.
नळी चौकटीच्या खाचेत टेकवायची, लाकडाच्या कडेने ओढायची.
शंभर वर्षांच्या या घरात
तेवढी एकच चौकट काटकोनात आहे.
(तीसुद्धा मी तीन चौकटी तपासल्यावर सापडली.)

गोंद दोनदा लावायचा.
पहिला हात लाकूड पिऊन टाकतं,
दुसरा धरून ठेवतो.
मग कोपऱ्यातून बोट फिरवायचं, पातेलं निपटावं तसं.

इलॅस्टिक शिवणाच्या डब्यातलं.
सळईत ओवायला स्ट्रॉचा तुकडा.
पॅराशूट ड्रायक्लीनरच्या पिशवीचं,
त्याला पावडर लावली, घडी चिकटू नये म्हणून,
आणि क्षणभर हात तिथेच राहिला;
तेरा वर्षांपूर्वी हाच डबा, हाच वास,
आणि पाय झाडणारी ती.

गॅरेजमध्ये, इंजिन भरून,
तोल सापडेल तिथे दोरी बांधून
गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवलं.
शेपूट पुढे, नाक मागे.
पुन्हा. तेच.
चार बोटांनी एवढं बिघडतं?

बिघडतं. नाकात वजन घालायला हवं होतं.
शिवणयंत्राची लोखंडी बॉबिन घातली,
वर गोंदाची धार.
आता नाक वाऱ्यात घुसत होतं,
रस्ता माहीत असल्यासारखं.

रविवारी हॅल्व्हर्सनच्या रानात नुसती धसकटं.
वारा कमी. डेकोरात ऑक्टोबरमध्ये
असे दोन-तीनच दिवस मिळतात.
ऋजुता गाडीतच बसली, काचा वर, फोन हातात.
दहापासून मोजण्याचा धीर नव्हता,
मी पाचपासून सुरू केलं, मराठीत,
आणि माझ्यामागून हॅल्व्हर्सन:
पाच, च्यार, तिन—

फस्स.
नंतर फक्त एक पांढरी रेघ, किंचित डावीकडे कललेली.
फार उंच नाही.
वर एक बारीक 'टप्',
आणि ड्रायक्लीनरची पिशवी उघडली,
तिच्यावरची दुकानाची अर्धी अक्षरं
आयोवाच्या आभाळात उलटी वाचता येत होती.

गाडीची काच खाली आल्याचा आवाज झाला.
मी वळले नाही.

धसकटावर आपटून दुसरा पंख तुटला.
जिथे मी जोडला होता तिथे नाही,
त्यांनी जोडलेला.

पावलं शेजारी येऊन थांबली.
तिने रॉकेट उचललं, तुटकी कड अंगठ्याने चाचपली,
उन्हात धरून नळीतून पाहिलं.
"एकदाच लावला होता आम्ही," ती म्हणाली.
आणि मग, गाडीकडे चालू लागत,
"गोंद उरलाय ना घरी?"